'दुर्लक्ष झालं' की 'दुर्लक्ष केलं'? इंग्रजीतल्या पाच-सहा शब्दांचा गुंता

काही वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ संपादकबाईंचा मेल माझ्याकडे तीन आठवडे तसाच पडून राहिला. मुद्दाम नाही. मेलांच्या गर्दीत तो खाली सरकला आणि माझी नजर त्याच्यावर पडलीच नाही. लक्षात आलं तेव्हा घाईघाईनं माफी मागायला बसलो. मनात मराठी वाक्य होतं, 'तुमच्या मेलकडे माझं दुर्लक्ष झालं.' बोटांनी इंग्रजीत लिहिलं, 'आय ॲम सॉरी, आय इग्नोअर्ड युअर मेल.' बाईंचं उत्तर एका ओळीचं होतं: 'कारण समजलं तर बरं होईल.'

कसलं कारण, हे मला बराच वेळ उमगेना. मग माझंच वाक्य पुन्हा वाचलं. त्याचा अर्थ होत होता, 'तुमचा मेल मी पाहिला, आणि त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं.' मला हवा होता तो शब्द ओव्हरलुक. इग्नोअर लिहून मी नसलेला गुन्हा कबूल केला होता.

ही गफलत माझ्या एकट्याची नाही. शब्दकोशात ओव्हरलुक, इग्नोअर, निग्लेक्ट, डिसरिगार्ड या चारही शब्दांपुढे 'दुर्लक्ष करणे' असा अर्थ सापडतो. त्यामुळे चारही एकच, हवा तो उचलावा, असं वाटतं. बातम्यांत 'ओव्हरसाइट' हा शब्द तर एकदा 'चूक' म्हणून येतो आणि दुसऱ्यांदा 'देखरेख' म्हणून. वाचणाऱ्यानं काय समजायचं?

## फरक मराठीतही आहे, फक्त जागा वेगळी

आपल्याकडे हा भेद नाही असं मुळीच नाही. 'दुर्लक्ष झालं' आणि 'दुर्लक्ष केलं' ही वाक्यं मोठ्यानं म्हणून पाहा. पहिल्यात माणूस निसटून गेलेल्या गोष्टीबद्दल हळहळतो. दुसऱ्यात कुणीतरी जाणूनबुजून पाठ फिरवली आहे. 'चूक झाली' आणि 'चूक केली' यांतही तेच अंतर आहे. मराठी हे काम क्रियापदाकडून करून घेते. नाम तेच राहतं, 'होणं' किंवा 'करणं' बदललं की अर्थ फिरतो.

इंग्रजीत ही सोय नाही. तिथे भेद दाखवायला शब्दच बदलावा लागतो. म्हणून 'दुर्लक्ष' या नामाला इंग्रजी प्रतिशब्द शोधणारा माणूस अडकतो, कारण अर्थाचा अर्धा भाग 'झालं-केलं'मध्ये होता आणि तो त्यानं शब्दकोश उघडण्याआधीच मागे सोडलेला असतो.

हे सगळे शब्द दोन प्रश्नांवर वेगळे होतात. पहिला: ती गोष्ट त्याला दिसली होती का? दुसरा: ती पाहणं किंवा सांभाळणं ही त्याची जबाबदारी होती का? एक उदाहरण शेवटपर्यंत हाताशी ठेवू. इमारतीच्या भिंतीला एक भेग आहे आणि तपासनीस इमारत पाहायला आला आहे.

## ओव्हरलुक: नजर वरून निघून गेली

तपासनीस त्या भिंतीसमोरून गेला, पण भेग त्याला दिसली नाही. हे ओव्हरलुक. त्याच्या मनात काही खोट नव्हती. आपली 'नजरचूक' इथे चपखल बसते.

शब्दाची घडण मात्र चकवणारी आहे. 'ओव्हर' म्हणजे वरून, 'लुक' म्हणजे पाहणं. वरून पाहणारा तर जास्तच पाहील! आणि तो अर्थ खरोखरच आहे: बागेच्या बाजूला उघडणाऱ्या खिडकीबद्दल इंग्रजीत म्हणतात की ती बागेला ओव्हरलुक करते. जुन्या काळी देखरेख करण्यालाही हाच शब्द होता. मग त्याच शब्दात 'न दिसणं' कुठून आलं? उंच गच्चीवर उभं राहून दूर क्षितिजाकडे पाहा. पायथ्याशी काय आहे ते सुटतं, कारण नजर त्याच्या डोक्यावरून पुढे निघून जाते. न दिसण्याचा अर्थ या चित्रातून आला.

याच चित्रातून आणखी एक अर्थ निघाला, माफ करण्याचा. समोरच्याची चूक दिसली, पण तिच्यावर नजर अडकू दिली नाही, वरून जाऊ दिली. आपण 'पोटात घालणं' म्हणतो ते. मराठीनं पोट निवडलं, इंग्रजीनं नजर.

एक जुना अर्थ तर मला फार आवडतो. इंग्लंडच्या नैर्ऋत्येकडच्या बोलींत एखाद्याला 'ओव्हरलुक' केलं म्हणजे त्याला दृष्ट लावली. जास्त पाहणं, वरून पाहणं, वाईट नजरेनं पाहणं आणि मुळीच न पाहणं, हे सगळं एकाच शब्दाच्या पोटात शतकानुशतकं नांदत आलं आहे.

यालाच चिकटून एक व्यावहारिक सावधगिरी. 'लुक ओव्हर' म्हणजे नजर फिरवून तपासणं. तेच दोन तुकडे उलट जोडले की 'ओव्हरलुक', म्हणजे नजरेतून सुटणं. आणि 'ओव्हरसी' म्हणजे देखरेख करणं. 'मी अहवाल ओव्हरलुक केला' असं अभिमानानं सांगणाऱ्याला खरं तर 'लुक ओव्हर' म्हणायचं असतं.

## ओव्हरसाइट: चूक की पहारा?

दोन्ही. 'ओव्हरलुक'चं जे नाम व्हायला हवं ते काम 'ओव्हरसाइट' करतं, आणि 'ओव्हरसी'चंही तेच करतं. दोन क्रियापदांचं नाम एकच झाल्यामुळे हा घोटाळा आहे. परस्परविरुद्ध अर्थ वाहणारे असे शब्द इंग्रजीत आणखीही आहेत. 'सँक्शन' म्हणजे मंजुरी आणि 'सँक्शन' म्हणजे निर्बंधही.

ओळखायची खूण मात्र सोपी आहे. चूक मोजता येते, देखरेख मोजता येत नाही. म्हणून 'ॲन ओव्हरसाइट' असं एकवचनी उपपद लागलं, किंवा अनेकवचन आलं, की अर्थ बहुधा नजरचूक. उपपदाशिवाय नुसतं 'ओव्हरसाइट' आलं, किंवा त्याच्यामागे समिती, मंडळ, यंत्रणा असं काही आलं, की अर्थ देखरेख. अमेरिकेच्या संसदेतल्या 'ओव्हरसाइट कमिटी'चं काम सरकारवर लक्ष ठेवण्याचं असतं. 'लॅक ऑफ ओव्हरसाइट' म्हणजे देखरेखीचा अभाव. 'ड्यू टू ॲन ओव्हरसाइट' म्हणजे नजरचुकीनं. गंमत अशी की आपल्याकडेही 'नजर ठेवणं' आणि 'नजरचूक' एकाच नजरेतून निघतात. आपण निदान शेपट्या वेगळ्या ठेवल्या.

## इग्नोअर: कळूनही

तपासनिसाला भेग दिसली. तो थांबला, पाहिलं, आणि पुढे गेला. हे इग्नोअर. जे कळलेलंच नाही ते इग्नोअर करता येत नाही, हीच या शब्दाची नाडी. म्हणून 'चुकून ओव्हरलुक केलं' चालतं, पण 'चुकून इग्नोअर केलं' कानाला खटकतं. 'चुकून नाक मुरडलं' म्हटल्यासारखं.

आणि गंमत म्हणजे हा शब्द नेमका उलट टोकाहून आला आहे. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ 'ठाऊक नसणं'. फ्रेंचमध्ये आजही तोच अर्थ आहे. फ्रेंच माणूस हे क्रियापद वापरतो तेव्हा बहुधा 'मला माहीत नाही' एवढंच सांगत असतो. इंग्रजीतही 17व्या शतकात अर्थ तोच होता. 'माहीत असून नसल्यासारखं वागणं' हा अर्थ 19व्या शतकात रुळला.

मधल्या वाटेवर कायदा भेटतो. इंग्लंडात आरोपपत्र छाननीला आलं आणि पुरावा अपुरा वाटला, तर ग्रँड ज्युरी (खटला चालवावा की नाही ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) त्याच्या पाठीवर 'इग्नोरेमस' असं लिहीत असे. म्हणजे 'आम्हाला ठाऊक नाही', आणि म्हणून आम्ही याची दखल घेत नाही. ठाऊक नसण्याकडून दखल न घेण्याकडे अर्थ कसा सरकू शकतो, ते या शेऱ्यात दिसतं. (अडाणी माणसाला इग्नोरेमस म्हणायची रीत पडली ती 1615 साली केंब्रिजला इंग्लंडच्या राजासमोर झालेल्या एका प्रहसनातल्या वकिलावरून. त्याचं नावच ते होतं.)

मशीनबाबत मात्र या शब्दाला सूट आहे. एखादी संगणक प्रणाली मजकुरातल्या मोकळ्या जागा इग्नोअर करते, तेव्हा तिच्या मनात आकस नसतो. जागा तिच्यापर्यंत पोचतात आणि ती त्यांवर काही करत नाही, एवढंच.

## निग्लेक्ट: इथे जबाबदारी येते

आता दुसरा प्रश्न. ती इमारत सांभाळण्याचं काम ज्याचं होतं त्यानं वर्षानुवर्षं तिच्याकडे पाहिलं नाही, ओल मुरली, गिलावा सुटला, भेग रुंदावली. हे निग्लेक्ट. मराठीत याला शब्दांचा दुष्काळ नाही, उलट सुकाळ आहे: हेळसांड, हयगय, आबाळ. कामात हयगय होते, माणसाची आबाळ होते, हेळसांड दोन्हींची होते. या तिघांतून नेमका शब्द निवडणाऱ्याला 'निग्लेक्ट' समजावून सांगायची गरज नाही. त्याला फक्त आठवण करून द्यायची की 'दुर्लक्ष'वर थांबू नका.

हेळसांड फक्त आपल्या जिम्म्यातल्या गोष्टीची होते. रस्त्यानं जाणारा अनोळखी माणूस त्या भेगेला इग्नोअर करू शकतो, निग्लेक्ट करू शकत नाही, कारण इमारत त्याच्याकडे सोपवलेलीच नव्हती. बहुतेक वेळा हेळसांडीला काळही लागतो. टायपिंगची चूक ओव्हरलुक होते, इग्नोअरही होते, पण टायपिंगच्या चुकीची कधी आबाळ होत नाही. आबाळ होते ती मुलाची, बागेची, तब्येतीची. एक वापर मात्र क्षणाचा आहे: 'सांगायला निग्लेक्ट केलं.' तिथेही सांगणं त्याचं काम होतं, हा आरोप वाक्यात दडलेला असतोच.

याच कुळातला 'निग्लिजन्स', म्हणजे निष्काळजीपणा, कायद्यात फार मोठा झाला. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेझ्ली इथं मे डॉनह्यू नावाच्या बाईंनी जिंजर बिअर प्यायली. बाटली गडद काचेची, आतलं दिसत नव्हतं. उरलेली बिअर ओतताना तिच्यातून कुजलेली गोगलगाय बाहेर पडली, अशी त्यांची तक्रार होती. बाटली मैत्रिणीनं विकत घेतली होती, त्यामुळे बाईंचा कुणाशी करार नव्हता. 1932 साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचं कामही तेच करत असे) तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं की करार नसला तरी माल पिणाऱ्याची काळजी घेणं हे उत्पादकाचं कर्तव्य आहे. गोगलगाय खरोखर होती का, हे कधी सिद्ध झालं नाही. लॉर्ड्सपुढचा प्रश्न कायद्याचा होता. आपल्या विषयासाठी त्यातलं महत्त्वाचं एवढंच: 'मला दिसलं नाही' हे उत्तर, ज्याचं पाहणं हेच काम आहे त्याला पुरत नाही.

## उरलेले तीन, थोडक्यात

डिसरिगार्ड म्हणजे तपासनिसानं भेग पाहिली, मोजली आणि 'हिला महत्त्व नाही' असं ठरवलं. इग्नोअरमध्ये पाठ फिरवणं आहे, डिसरिगार्डमध्ये निवाडा आहे. म्हणून न्यायाधीश ज्युरीला सांगतात, 'ती साक्ष डिसरिगार्ड करा', आणि बिलाच्या स्मरणपत्राखाली लिहिलेलं असतं, 'पैसे भरले असल्यास डिसरिगार्ड करा.' मराठीत 'विचारात घेऊ नये'. निवाडा बेफिकिरीनं केला असेल तर मात्र हाच शब्द जहरी होतो. तेव्हा तो 'बेपर्वाई'.

ओमिट म्हणजे वगळणं किंवा राहून जाणं. भेग अहवालात आली नाही. मुद्दाम की चुकून, हे हा शब्द सांगत नाही. तो फक्त कागदावरची रिकामी जागा दाखवतो.

मिस हा सगळ्यांत साधा. मूळ अर्थ नेम चुकणं. ओव्हरलुक जिथे पत्रात शोभतं तिथे मिस बोलण्यात चालतं. 'मिस झालं' असं आपण मराठीतही सहज म्हणतो, आणि 'झालं' लावूनच म्हणतो.

## 'प्लीज' लावून पाहा

शंका आली की मी एक चाचणी वापरतो. शब्दाआधी 'प्लीज' लावायचं.

'माझा आधीचा मेल प्लीज इग्नोअर करा' हे रोजचं वाक्य आहे. 'प्लीज डिसरिगार्ड' जरा औपचारिक, पण चोख. कळून करायच्या गोष्टीची विनंती करता येते. 'प्लीज मिस करा' म्हणता येत नाही; नेम चुकवायची विनंती कशी करणार? 'प्लीज निग्लेक्ट' तर विचित्रच, स्वतःची आबाळ मागितल्यासारखं. आणि 'माझ्या चुका प्लीज ओव्हरलुक करा' म्हटलं की शब्द तत्काळ आपला दुसरा अर्थ पुढे करतो: पोटात घाला.

संपादकबाईंना मी त्याच संध्याकाळी दुसरा मेल लिहिला. त्यात 'ओव्हरलुक्ड' हा शब्द होता आणि तुमचा मेल मला दिसलाच नव्हता, हेही साध्या वाक्यात होतं. त्यांचं उत्तर आलं तेव्हा त्यात कामाची चर्चा होती, कारणाची चौकशी नव्हती.

## 'समोर होतं, मग दिसलं नाही कसं?'

ओव्हरलुक ही पळवाट आहे, धडधडीत समोरची गोष्ट न दिसणं शक्यच नाही, असा आक्षेप येतो. शक्य आहे, आणि ते मोजलं गेलं आहे.

1999 साली डॅनियल सायमन्स आणि ख्रिस्तोफर शाब्री या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना एक चित्रफीत दाखवली. काही खेळाडू चेंडू एकमेकांकडे टाकत आहेत. पांढऱ्या कपड्यांतल्यांनी किती वेळा टाकला ते मोजा. मध्येच गोरिलाचा पोशाख घातलेली व्यक्ती खेळाडूंमधून चालत गेली. मोजण्यात गुंतलेल्या सुमारे निम्म्या लोकांना ती दिसलीच नाही. लक्ष दुसरीकडे असल्यामुळे डोळ्यांसमोरचं न दिसणं, याला 'अनवधानजन्य अंधत्व' म्हणतात.

निष्णातांचंही तेच. 2013 साली छापून आलेल्या एका प्रयोगात 24 रेडिओलॉजिस्टना फुफ्फुसाच्या स्कॅनमधल्या गाठी शोधायला सांगितल्या. काही प्रतिमांत गोरिलाचं छोटं चित्र घातलेलं होतं, सरासरी गाठीच्या 48 पट मोठं. 24 पैकी 20 जणांना ते दिसलं नाही. त्यांतल्या निम्म्याहून अधिक जणांची नजर थेट त्या जागेवर टेकली होती, हे डोळ्यांचा माग घेणाऱ्या यंत्रानं टिपलं. डोळा पोचला, लक्ष पोचलं नाही. त्यामुळे 'ओव्हरलुक झालं' म्हणणाऱ्याला लगेच खोटारडा ठरवू नये.

एका ठिकाणी तर 'निग्लेक्ट'सुद्धा निर्दोष आहे. मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की काही रुग्णांचं डाव्या बाजूकडे लक्षच जात नाही. डोळे शाबूत असतात, पण ताटातला डावा अर्धा भाग तसाच राहतो, घड्याळ काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजवीकडे दाटतात. वैद्यकात या विकाराचं नाव 'निग्लेक्ट'च आहे. माझ्या मते हे नाव रुग्णावर अन्याय करणारं आहे. तिथे हयगय कुणीच केलेली नाही.

## आणि न पाहणंच मुद्दाम असेल तर?

त्यालाही इंग्रजीत जागा आहे: 'आंधळा डोळा वळवणं'. तो वाक्प्रचार ब्रिटिश नौसेनानी नेल्सनशी जोडला जातो. 1794 साली कॉर्सिकाच्या लढाईत त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टी गेली होती. 2 एप्रिल 1801 रोजी कोपनहेगनच्या लढाईत वरिष्ठांनी माघारीचा इशारा दिला, तेव्हा त्यानं दुर्बीण अधू डोळ्याला लावून 'मला इशारा दिसत नाही' म्हटलं, असं सांगतात. आपली डोळेझाक आणि कानाडोळा याच घरचे. 'कनाइव्ह' या शब्दाचं लॅटिन मूळही डोळे मिटण्याचंच. आज त्याचा अर्थ दुष्कृत्याला मूक साथ देणं.

कायदा या डोळेझाकीला भुलत नाही. दाट संशय असूनही खात्री करून घ्यायचं मुद्दाम टाळलं, तर अनेक न्यायव्यवस्था त्याला माहिती असल्यासारखंच धरतात.

## 'एवढं काटेकोर कोण बोलतं?'

रोजच्या बोलण्यात शब्द एकमेकांच्या हद्दीत शिरतात, हे खरं. 'बढतीसाठी त्याला ओव्हरलुक केलं' हे वाक्य इंग्रजीत सर्रास येतं आणि तिथे नाव नजरेतून सुटलं की जाणूनबुजून बाजूला ठेवलं, हे उघड होत नाही. पण याच धूसरपणामुळे तो शब्द जाहीर माफीनाम्यांचा लाडका झाला आहे. 'द मॅटर वॉज ओव्हरलुक्ड.' कुणाकडून, ते वाक्यात नाही. आणि मराठीही इथे निर्दोष नाही. 'झालं' या क्रियापदाची जी सोय आहे, तिच्या आडही लपता येतं. 'संबंधित बाबीकडे दुर्लक्ष झाले' असं पत्रात येतं तेव्हा केलेलं दुर्लक्ष 'झालं'च्या पांघरुणात असू शकतं. मला याचा राग येतो, कारण त्या पांघरुणाखाली कुणाचं तरी खरं नुकसान झालेलं असतं.

ते पांघरूण तारखा लावून काढता येतं. भिंतीच्या भेगेबद्दल रहिवाशांनी पहिलं पत्र दिलं आणि ते ढिगाखाली गेलं, तर 'ओव्हरलुक' मान्य. दुसऱ्या पत्राची सही-शिक्क्यासह पोच मिळाली आणि तरी काही हललं नाही, की शब्द 'इग्नोअर' होतो. अभियंत्यानं येऊन भेग पाहिली आणि 'किरकोळ' असा शेरा मारला, तर 'डिसरिगार्ड'. अहवालात ती आलीच नाही, तर 'ओमिट'. आणि इमारतीची देखभाल ज्यांच्याकडे होती त्यांनी तीन पावसाळे असेच जाऊ दिले असतील, तर चौथ्या पावसाळ्यात 'ॲन ओव्हरसाइट' लिहिलेलं पत्र आलं तरी त्या प्रकाराचं नाव 'निग्लेक्ट'च आहे.